एका केसाची रेघ

परवा दुपारी आरशासमोर बसले असताना उजव्या भुवईतला एक केस जरा लांब वाटला, म्हणून चिमट्याने उपटायला गेले, तर दुखलेच नाही. केस माझा नव्हता, ब्रशचा होता. कैक वर्षे वापरलेल्या त्या ब्रशने आपल्या अंगावरचा एक केस माझ्या भुवईला देऊन टाकला होता आणि तो इतक्या नेमक्या जागी, इतक्या योग्य कलाने जाऊन बसला होता की, मी दहा मिनिटे खपून ओढलेल्या सगळ्या रेघांपेक्षा तोच अधिक खरा दिसत होता.

ब्रशचे केस गळू लागले की त्याचे दिवस भरले असे समजावे. त्यात दोष ब्रशचा नव्हता, माझा होता. ब्रश धुऊन झाला की तो आडवा किंवा केसांची बाजू खाली करून वाळवायचा असतो, हे ठाऊक असूनही मी तो ओला असतानाच पेल्यात उभा ठेवून देते. मग पाणी केसांवरून खाली उतरत धातूच्या कडीत शिरते, आतला डिंक हळूहळू सैल होतो आणि केस सुटे होतात. एरवी मला माझ्या आळसाचा पुरावा इतक्या जवळून, थेट डोळ्यांच्या वर, क्वचितच दिसतो.

आता नवा ब्रश घेणे आले, आणि तो निवडणे ही मला वाटते त्यापेक्षा नेहमीच अवघड गोष्ट ठरलेली आहे. खणात सात ब्रश निघाले, त्यांपैकी सहा माझ्या चुकलेल्या अंदाजांची स्मारके आहेत. एक भुवईच्या पावडरीच्या डबीत फुकट मिळालेला, काडीएवढा आखूड, चिमटीत धरला की बोटेच आरसा झाकून टाकतात. एक पापणीवर रेघ ओढण्याचा, इतका बारीक आणि लवचीक की भुवईवर टेकवताच तो स्वतःच्या मर्जीने वळतो. दोन डोळ्यांवरच्या रंगाचे, मऊ आणि गोलसर, ज्यांनी भुवई भरली तर कपाळावर काजळी सांडल्यासारखे दिसते. उरलेल्या दोघांविषयी बोलण्यासारखे काही नाही. सातवा, म्हणजे हा केस गाळणारा, तेवढा तिरक्या कापाचा, आणि आजवर काम केले ते त्याने एकट्याने.

तिरका ब्रशही सगळ्यांना एकच दिसतो, पण तसा तो नसतो. त्याची धार कागदाच्या कडेसारखी पातळ हवी, कारण जाड धारेचा ब्रश रेघ ओढत नाही, पट्टा ओढतो. रुंदीला तो आपल्या भुवईच्या मधल्या जाडीपेक्षा कमीच असावा, असे माझे ठाम मत आहे. केस असे हवेत की हाताच्या मागच्या बाजूवर दाबले तर वाकावेत आणि सोडताच जागेवर यावेत. फार ताठ असले तर कातडीवर ओरखडे ओढल्यासारखे होते आणि फार मऊ असले तर रंग जिथे नको तिथे पसरतो. भुवईसाठी पोमेड किंवा कुठलाही क्रीमसारखा रंग वापरणाऱ्यांनी कृत्रिम तंतूंचाच ब्रश घ्यावा, कारण नैसर्गिक केस तो ओलसर रंग पिऊन टाकतात आणि मग चिकटून बसतात. कोरड्या पावडरीला मात्र नैसर्गिक केस चांगले, त्यांच्या अंगावर सूक्ष्म खवले असतात आणि त्यांत पावडर धरून राहते. अलीकडचे कृत्रिम तंतू दोन्ही कामे निभावतात हे मी अनुभवाने मान्य केले आहे, जरा नाइलाजानेच.

ब्रशचे केस कुणाचे, या प्रश्नाने मला लहानपणापासून छळले आहे. माझ्या रंगपेटीतल्या ब्रशांना सगळे ‘कॅमल हेअर’ म्हणत, आणि मी बराच काळ असे धरून चालले होते की कुठेतरी एक उंट आपली शेपटी कापून घेण्यासाठी शांतपणे उभा राहतो. पुढे कळले की या नावाच्या ब्रशांत उंटाचा केस नसतोच, बहुधा खारीचा किंवा आणखी कुणाचा असतो. उंटाचे केस लोकरीसारखे, त्यांना टोक येणार कुठून? तरीही तो शांत उभा असलेला उंट माझ्या डोळ्यांसमोरून अजून गेलेला नाही.

मराठीत आपण भुवया ‘कोरतो’. कोरणे म्हणजे नको असलेले काढून टाकणे, जे शिल्पकार दगडाचे करतो ते. उलट जिथे भुवई विरळ आहे तिथे ती भरून काढण्याला आपल्याकडे नीट क्रियापद नाही. ‘रंगवणे’ म्हटले की नाटकातली भुवई डोळ्यांसमोर येते आणि ‘भरणे’ म्हटले की भिंतीतली भोके. मला ‘रेखणे’ हा शब्द त्यातल्या त्यात बरा वाटतो. सुंदर भुवईला आपण रेखीव म्हणतो ते उगाच नसावे, कारण भरलेली भुवई चांगली दिसायची असेल तर ती रंगाने नाही, रेघांनी भरावी लागते, आणि प्रत्येक रेघ एका केसाचे सोंग घेऊन यावी लागते. नाकाकडच्या टोकाला केस जवळजवळ उभे असतात, पुढे ते तिरके होतात, वरच्या कडेचे खाली झुकतात, खालच्या कडेचे वर चढतात आणि कानाकडच्या शेपटीपाशी सगळे आडवे निजतात. ब्रशने या सगळ्यांचा कल सांभाळायचा. म्हणून सुरुवात कमानीपासून करून शेपटीकडे जावे आणि ब्रशवर उरलासुरला रंग राहील तेवढाच नाकाकडच्या टोकाला लावावा. उलट केले तर चेहऱ्यावर कायमचा राग बसतो.

ब्रश दांडीच्या टोकाशी धरावा म्हणजे हात आपोआप हलका पडतो, हेही खरे, आणि चेहरा मोठा करून दाखवणारा आरसा वापरू नये, हे त्याहून खरे. त्या आरशात एकेक केस झाडाएवढा दिसतो आणि माणूस जंगल लावायला बसतो. मग डावी भुवई जरा वर वाटते म्हणून उजवी वर नेली जाते, ती जाड झाली म्हणून डावी जाड केली जाते, आणि थोड्याच वेळात दोन्ही भुवया एकमेकींशी स्पर्धा करत कपाळाच्या निम्म्यापर्यंत पोहोचतात. अशा वेळी धावून येते ती स्पूली, तारेला पीळ देऊन केलेला तो गोल ब्रश. लोक तिला जोडीला फुकट मिळालेली वस्तू समजतात. माझ्या लेखी रेघ ओढणाऱ्या ब्रशपेक्षा तिचे मोल अधिक आहे, कारण ओढलेले पुसट करणे हे तिचे काम आहे आणि ते काम मला रोज पडते.

एका केसाची रेघ किती टिकू शकते, याची एक गोष्ट मला फार आवडते. मोनालिसाला भुवया नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. फ्रेंच अभियंता पास्काल कोत याने 24 कोटी पिक्सेलच्या कॅमेऱ्याने त्या चित्राची छायाचित्रे घेतली आणि 2007 साली जाहीर केले की एका भुवईच्या जागी कुंचल्याने काढलेला एकच केस अजून शिल्लक आहे. म्हणजे लिओनार्डोने भुवया काढल्या होत्या, त्या पुढे विरल्या किंवा साफसफाईत पुसल्या गेल्या असाव्यात. सगळे गेले आणि एक केस राहिला. माझ्या भुवईत सापडलेला केस पाहून मला पहिल्यांदा तीच आठवली. तुलना जरा मोठी झाली, हे मला मान्य आहे.

दुसरी आठवली ती आत्या. लहानपणी एकदा रंगपेटी काढून आकाश रंगवायला घेतले तर त्यात तपकिरी ओघळ उतरला, आणि शोध घेता कळले की आत्या रोज सकाळी माझा शून्य नंबरचा ब्रश नेते, त्याने भुवया काढते आणि न धुता परत ठेवते. मी भांडले. ती आरशातून नजर न काढता म्हणाली, “अगं, तुला शून्याचा ब्रश हवाच कशाला? तू तर झाडाच्या फांद्यासुद्धा चाराच्या ब्रशने काढतेस.” हे खरे होते, म्हणूनच ते मला सहन झाले नाही. दुसऱ्या दिवशी मी तो ब्रश पुस्तकाच्या पाठीत खुपसून ठेवला आणि तिची शोधाशोध पलंगावर पडून ऐकत राहिले.

ती खोलीबाहेर आली तेव्हा क्षणभर मी तिला ओळखले नाही. भुवयांचा नाकाकडचा भाग होता तसाच होता, पण पुढे, कमान संपते तिथून कानापर्यंत, काहीच नव्हते. डोळे तेच होते, आणि तरीही तो चेहरा कुणा दमलेल्या परक्या बाईचा वाटत होता. थायरॉइड मंदावला की भुवईचा बाहेरचा तिसरा हिस्सा विरळ होतो, हे मला फार पुढे कळले. 2003 साली काही संशोधकांनी प्रसिद्ध चेहऱ्यांच्या छायाचित्रांतून एकदा डोळे आणि एकदा भुवया पुसून लोकांना ते ओळखायला सांगितले, तेव्हा भुवया नसलेले चेहरे ओळखणे अधिक जड गेले, हेही मी नंतरच वाचले. त्या सकाळी यातले काहीच ठाऊक नव्हते. मला एवढेच दिसले की ती दारापाशी थांबली, कपाळावर हात आडवा धरला आणि परत आत गेली.

मी ब्रश काढला, नळाखाली धुतला, टोकाला ओठांनी ओलावून अणी केली आणि तिच्या आरशासमोर नेऊन ठेवला. आम्ही दोघींनीही त्याविषयी कधी शब्द काढला नाही. ब्रश पुढे तिच्याकडेच राहिला, रंगपेटीतली शून्याची जागा रिकामी राहिली, आणि माझ्या चित्रांतली झाडे शेवटपर्यंत जाड फांद्यांची राहिली.