तहानेच्या आधी

तहान लागली की वाटतं, घसा कोरडा पडला म्हणून लागली. घशाचा यात हात थोडाच. शरीर पाणी मोजतं असंही नाही; निदान आधी तरी नाही. आधी मोजला जातो तो रक्ताचा खारटपणा.

मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसच्या पुढच्या भागात काही पेशी अशा जागी आहेत, जिथे रक्त आणि मेंदू यांच्यामधला एरवीचा कडक पडदा सैल आहे. रक्त जरा घट्ट झालं की या पेशींतलं पाणी बाहेर ओढलं जातं. त्या आकसतात, आणि आकसल्या की संदेश सोडतात. घाम रक्तापेक्षा बराच कमी खारट असतो, म्हणून घाम गेल्यावर मागे राहणारं रक्त अधिक खारट होतं. ही घट्टता किलोमागे साधारण २८५ ते २९५ मिलीऑस्मोल (विरघळलेले कण मोजायचं एकक) एवढ्याच पट्ट्यात ठेवायची असते. ती एखादा टक्का वाढली तरी मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीतून व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक सुटतं. मूत्रपिंडातल्या शेवटच्या नळ्यांच्या भिंतींत ते पाण्याच्या वाटा उघडतं आणि लघवीत निघालेलं पाणी परत रक्तात येतं. तहानेची पाळी त्यानंतर. ती जाणवते तोवर मूत्रपिंडांनी काटकसर सुरू केलेली असते आणि लघवीचा रंग गडद होऊ लागलेला असतो.

मूत्रपिंडांचा आवाका मोठा. दिवसाला ती सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि बाहेर सोडतात फक्त दीड-दोन लिटर. भरपूर पाणी प्यायलं तर लघवी ५० मिलीऑस्मोलइतकी पातळ होते, पाणी मिळालं नाही तर १२०० पर्यंत घट्ट. पण काटकसरीलाही मर्यादा आहे. रोजचा टाकाऊ माल साधारण ६०० मिलीऑस्मोल. तो वाहून न्यायला किमान अर्धा लिटर पाणी लागतंच. शिवाय मूत्रपिंड गेलेलं पाणी परत आणू शकत नाही, फक्त आहे ते राखतं. भर घालायची तर प्यावंच लागतं.

यातली खरी गंमत पिण्यात आहे. ग्लासभर पाणी रिचवलं की मिनिट-दोन मिनिटांत तहान शमते, पण त्यातलं बरंचसं पाणी तेव्हा पोटातच असतं. तोंड, घसा आणि जठर मेंदूला आगाऊ हिशेब कळवतात आणि मेंदू त्या भरवशावर तहान थांबवतो. हा भरवसा अर्थात उधारीचा. फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी घोड्याच्या अन्ननलिकेला छिद्र पाडून पाणी बाहेर वाहू दिलं, तेव्हा घोडा दमेपर्यंत पीत राहिला. पाणी रक्तात पोचलंच नाही, तर उसनी तृप्ती फार टिकत नाही.

जुलाबात मात्र ही मोजणी फसू शकते. पाण्याबरोबर मीठही जातं, त्यामुळे खारटपणा फारसा हलत नाही. रक्ताचं आकारमान मोजणारी दुसरी यंत्रणा आहे, पण ती जाड कातडीची. आठ-दहा टक्के घट झाल्याशिवाय नीट जागी होत नाही. म्हणून तहानेची वाट न पाहता पहिल्या जुलाबापासूनच ओआरएस, म्हणजे मीठ-साखरेचं जलसंजीवनी द्रावण, द्यायला लागायचं. नुसतं पाणी दिलं तर गेलेलं मीठ भरून येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या ओआरएसमध्ये लिटरमागे मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असतं. ग्लुकोज गोडीसाठी नाही: आतड्याच्या पेशी सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत घेतात आणि पाणी त्यांच्यामागून येतं. पाकीट कमी पाण्यात कालवलं तर उलटंच होतं, घट्ट द्रावण आतड्यात पाणी ओढून घेतं.

दुसरं टोक, म्हणजे गरजेपेक्षा जास्त पाणी, लांब पल्ल्याच्या धावण्यात दिसतं. मूत्रपिंडं तासाला फार तर ८०० मिलिलिटर ते एक लिटर पाणी बाहेर काढू शकतात, आणि श्रम, वेदना किंवा मळमळ असली की व्हॅसोप्रेसिन गरज नसतानाही सुटत राहतं. अशा वेळी तहान नसताना बाटल्या रिकाम्या केल्या तर रक्तातलं सोडियम लिटरमागे १३५ मिलीमोलच्या खाली घसरतं, पेशींत पाणी शिरतं आणि कवटीत बंद मेंदूला फुगायला जागा नसते. डोकेदुखी, उलटी, गोंधळ, मग झटके. हे निर्जलीकरण समजून आणखी पाणी पाजलं जातं, तीच मोठी चूक. धावताना तहानेपुरतंच प्यावं. म्हातारपणी मात्र तहान बोथट होते, तिथे घड्याळ बघूनच पाणी द्यावं लागतं.