सिग्नल दिवा: ठिपके गेले, आता उन्हाशी गाठ

तीन कप्प्यांच्या सिग्नल दिव्याचं काम बऱ्यापैकी मार्गी लागलंय. लाल, पिवळा, हिरवा असे तीन चौकोनी कप्पे, प्रत्येकाच्या तळाशी एलईडी पट्टीचे तुकडे आणि पुढे पांढरं शीट. अपेक्षा एवढीच की कप्पा पेटला की अख्खा चौकोन एकसारखा उजळावा, आत किती एलईडी आहेत ते बाहेरून मोजता येऊ नये.

डिफ्यूझर, म्हणजे उजेड पसरवणारा पडदा, म्हटलं की आपण लगेच शीटच्या मागे लागतो. ओपल (आरपार दुधी) घ्यायचं की फ्रॉस्टेड (फक्त पृष्ठभाग खरबरीत केलेलं), किती जाड, एका बाजूने घासायचं की दोन्ही. आता माझं ठाम मत झालंय की शीट हा नंतरचा प्रश्न आहे. आधी अंतर ठरवा.

मीटरला ६० एलईडी असलेली पट्टी घेतली तर दोन एलईडींमधलं अंतर, म्हणजे पिच, साधारण १६.७ मिमी येतं. लेन्स नसलेल्या साध्या एलईडीचा उजेड समोरच्या सपाट शीटवर पडताना कोनाच्या कोसाइनच्या चौथ्या घाताने उतरतो. लांबलचक एका ओळीसाठी सगळ्या एलईडींची बेरीज मांडून पाहिली. शीट एका पिचच्या अंतरावर असेल तर दोन एलईडींच्या मधोमध पडणारा उजेड हा एलईडीच्या बरोबर समोरच्या उजेडाच्या ९५ टक्के भरतो. तेच शीट अर्ध्या पिचवर आणा, आकडा थेट ४८ वर घसरतो! जेमतेम ८ मिमी वाचवण्यासाठी मोजलेली ही किंमत आहे. एवढा फरक झाकायला ओपल जाड करत गेलो तर ठिपके विरतात खरे, पण उजेडही शीटमध्येच जिरतो. मग करंट वाढवा, मग उष्णता सांभाळा. म्हणून माझ्या खोक्यात २० मिमी मोकळी जागा आणि पुढे पातळ ओपल, असं ठरलं.

फ्रॉस्टेड की ओपल, याचा निकाल छापील कागदावर लावता येतो. फ्रॉस्टेड ॲक्रिलिक कागदावर टेकवून ठेवा, अक्षरं सरळ वाचता येतात. बोटभर उचललं की धूसर होतात. त्यात उजेड फक्त खरबरीत पृष्ठभागावर वळतो, त्यामुळे समोरून पाहिलं की एलईडीचा गोळा जागेवर दिसतोच, फक्त कडा मऊ झालेल्या असतात. ओपलमध्ये पांढऱ्या रंगद्रव्याचे कण आतपर्यंत विखुरलेले असतात. टायटॅनियम डायऑक्साइडचा अपवर्तनांक २.५च्या वर आणि ॲक्रिलिकचा १.४९, म्हणून प्रत्येक कणावर किरण जोरात वळतो आणि बाहेर पडेपर्यंत आपण कुठून निघालो हे विसरलेला असतो. घरी पॉलिश पेपरने घासून ओपल तयार होत नाही, हे नव्याने या नादाला लागलेल्यांनी लक्षात ठेवावं.

थ्रीडी प्रिंट केलेला पांढरा डिफ्यूझरही चालतो, पण भरीव छापा. आत इन्फिलची, म्हणजे पोकळ भाग भरणारी, जाळी ठेवली तर दिवा लागताच ती सावलीसारखी उमटते.

खोक्याच्या भिंतींना आतून मॅट पांढरा रंग दिलाय. चकचकीत फॉइलचा मोह होतो, पण फॉइलमध्ये एलईडीची प्रतिबिंबं पडतात आणि शीटवर रेघा उठतात. शेवटच्या एलईडीपासून भिंत अर्ध्या पिचवर ठेवली की परतलेला उजेड पलीकडे नसलेल्या एलईडीची जागा थोडीफार भरून काढतो आणि कडा अंधारत नाहीत. मधल्या पडद्यांना मात्र पांढऱ्याखाली काळा थर हवाच. नुसत्या पांढऱ्या फिलामेंटच्या (थ्रीडी प्रिंटरच्या प्लास्टिक तारेच्या) पडद्यातून लाल पाझरून शेजारचा पिवळा कप्पा मंद पेटल्यासारखा दिसतो, आणि सिग्नलच्या दिव्यात हा शोभेचा प्रश्न नाही, चुकीचा इशारा आहे.

मोजमाप मोबाइलच्या कॅमेऱ्याने करतो. एक्सपोजर लॉक करायचं, फोटो पांढरा फटक होऊ द्यायचा नाही, आणि पीडब्ल्यूएम (एलईडी झपाट्याने चालू-बंद करून उजेड कमी-जास्त करणं) असेल तर शटर संथ ठेवायचा, नाहीतर आडवे पट्टे येतात. पिक्सेलचे आकडे जसेच्या तसे धरू नयेत. जेपेगमध्ये गामा असतो, म्हणजे आकडे उजेडाच्या सरळ प्रमाणात नसतात: मधे २०० आणि कोपऱ्यात १८० दिसलं तर फरक १० टक्के वाटतो, प्रत्यक्ष उजेडात तो साधारण २० टक्के असतो. तरीही असा कोपरा डोळ्याला फारसा खुपत नाही, कारण हळूहळू उतरणारा उजेड आपल्याला जाणवतच नाही. उलट एका स्क्रूची बारीक सावली लांबूनही टोचते, कारण तिला कडा असते. भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट माखने १८६५ मध्ये दाखवलेले, उजेड बदलतो त्या कडेशी डोळ्याला भासणारे पट्टे याच जातीचे. म्हणून कोपऱ्यांचा हट्ट सोडून मी वायर आणि स्क्रू एलईडीच्या पातळीखाली ढकलले.

आता उरलं ऊन. पांढरं शीट बाहेरचा उजेडही तितक्याच इमानदारीने परत फेकतं, त्यामुळे दिवसा विझलेला कप्पासुद्धा फिकट पेटल्यासारखा वाटतो. ओपलच्या पुढे ५० टक्के उजेड सोडणारं करडं शीट लावलं की आपला उजेड त्यातून एकदाच जातो, निम्मा उरतो. बाहेरचा जाताना आणि येताना असा दोनदा गाळला जातो, पाव उरतो. म्हणजे फरक दुपटीने उठतो. करड्याची बाहेरची बाजू मॅट हवी, नाहीतर त्यात आभाळच दिसतं. करंट वाढवून गमावलेला निम्मा उजेड परत मिळवायचा तर बंद खोक्यात एलईडी तापून आणखी मंद होणार, म्हणून पट्ट्या आता ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर चिकटवतोय आणि पत्र्याची मागची बाजू खोक्याबाहेर उघडी ठेवतोय. लाल कप्पा असा बांधून झाला, पिवळा आणि हिरवा व्हायचे आहेत.