पारोनेलाच्या कठड्यावरची बोटं

ऑस्ट्रेलियातल्या केर्न्सला आम्ही चार दिवस होतो. समुद्र, बोट, प्रवाळ, सगळं छान झालं. पण परत आल्यापासून भेटेल त्याला मी सांगतेय ते एकाच दुपारबद्दल, पारोनेला पार्कच्या.

केर्न्सच्या दक्षिणेला साधारण 120 किलोमीटर. इनिसफेलच्या पुढे दोन्ही बाजूंना नुसता ऊस, मग मीना क्रीकचा धबधबा आणि त्याच्या काठी वर्षावनात शेवाळलेला, पडका किल्ला. होसे पारोनेला 1913 साली स्पेनहून ऑस्ट्रेलियात आला. ऊसतोडणी केली, पैसे साठवले, 1929 मध्ये 120 पौंडांना ही जागा घेतली आणि 1935 मध्ये लोकांसाठी खुली केली.

"ऊस तोडणाऱ्याने किल्ला बांधला?" आईने दोनदा विचारलं.

गाइड भरभरून बोलत होती, पण घोळक्यात मला काही धड बघताच येईना. प्रत्येक कमानीखाली फोटोसाठी रांग. शेवटी आम्ही दोघी मागे राहिलो, तेच बरं झालं.

ओढ्याकडे 47 पायऱ्यांचा जिना उतरतो. बांधकामाला लागणारी ओढ्यातली वाळू वर आणायची म्हणून आधी हा जिना बांधला. काँक्रीटच्या पोटात सळ्यांऐवजी रेल्वेचे जुने रूळ, वरून हाताने थापलेला माती-सिमेंटचा गिलावा. आई गुडघ्यांमुळे वरच थांबणार होती. तिने कठड्यावर हात टेकला आणि म्हणाली, "हे बघ गं."

गिलाव्यात बोटं उमटली होती. चार खाचा, शेजारी शेजारी, शेवटाला किंचित वळलेल्या. एका खाचेत पाणी साचलेलं, तिच्या कडेने नखाएवढा नेचा उगवलेला. आईने आपली बोटं त्यात बसवली. खाचा रुंद होत्या, तिची बोटं सैल बसली.

"सारवताना अशीच ओळ उठते," ती म्हणाली. "हात इकडून तिकडे फिरलाय बघ."

मग ती पुढची खूण शोधत एक पायरी उतरली, मग आणखी एक. मी तिचा दंड धरून. अशा सगळ्या पायऱ्या आम्ही उतरलो.

खाली ओढा अगदी शांत होता. 1946 च्या पुरात वरच्या अंगाला पुलाशी ओंडके तुंबले, पूलच कोसळला आणि तो सगळा लोंढा इथे येऊन आदळला. होसेने पुन्हा बांधायला घेतलं. 1948 मध्ये तो गेला. 1979 च्या आगीत किल्ल्याचं छप्पर आणि लाकूडकाम जळालं, नंतर चक्रीवादळं. एवढं सगळं होऊनही कठड्यावरची बोटं तशीच आहेत, हे मला अजून पचत नाही.

तिथे जाणार असाल तर दोन तासांत उरकू नका, रात्री थांबा. धबधब्यावर चालणारं होसेचं वीजघर 2009 मध्ये दुरुस्त झालंय. अंधार पडल्यावर किल्ल्यावर दिवे लागले, तेव्हा सगळे वर बघत होते. आई माझा हात धरून कठड्यापाशी गेली. तिरप्या उजेडात त्या खाचा दुपारपेक्षा खोल दिसत होत्या.