पाटी फिरली, आणि मीही

इंग्लंडातल्या आमच्या काउन्सिलकडे, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडे, एका पाटीची तक्रार करायची होती. त्या फॉर्ममधला 'रस्त्याचं नाव लिहा' हा चौकोन आठवला की अजून माझं डोकं फिरतं. अहो, रस्ता असता तर नाव असतं ना! पाटी होती ती जागा म्हणजे जुनी रेल्वेलाइन. रूळ कधीचे उखडले, त्यावर डांबर पडलं, आता तिथून सायकली जातात.

इंग्लंडात नॅशनल सायकल नेटवर्कच्या निळ्या पाट्या दिसतात: पांढरी सायकल आणि लाल चौकोनात मार्गाचा नंबर. हे जाळं सांभाळणाऱ्या संस्थेचं नाव तेव्हा सस्ट्रान्स होतं. १९७७ मध्ये ब्रिस्टलच्या सायकलवाल्यांनी ती सुरू केली, आणि त्यांचा ब्रिस्टल-बाथ मार्गही असाच जुन्या रेल्वेलाइनवरचा. आमच्या गावाजवळच्या चार मैलांच्या देखरेखीसाठी मी स्वयंसेवक म्हणून नाव दिलं. अर्ज, माहितीचं सत्र, पिवळं जाकीट, सगळं झटपट झालं.

मे महिन्यात एका दिव्याच्या खांबावरची पाटी फिरलेली दिसली. पट्टी ढिली होऊन ती गावाऐवजी थेट मोटारींच्या हायवेकडे बोट दाखवत होती. एका रविवारी एक बाई मागच्या ट्रेलरमध्ये दोन पोरं घेऊन तिकडे वळलीच. मी ओरडत पळालो तेव्हा थांबली.

पट्टीला दोन नट. १३ नंबरचा पाना घेतला की दोन मिनिटांचं काम. पण आमच्या समन्वयक बाईंनी बजावलं, पाटीला हात लावायचा नाही, ती काउन्सिलची, विम्यात बसत नाही. बायको म्हणाली, "पुण्यात असतास तर केव्हाच पिळून मोकळा झाला असतास."

मग काउन्सिलचा तो तक्रारीचा फॉर्म. नकाशावर टाचणी टोचायची. गाड्यांच्या रस्त्यावर टोचली तर चालते, सायकलमार्गावर टोचली की लाल अक्षरांत नकार. शेवटी शेजारच्या गल्लीत टोचली आणि खाली सविस्तर लिहिलं की पाटी इथे नाही, पुलाखालून शंभर पावलं आत आहे. पाच दिवसांनी मेल: आमचा माणूस पाहून आला, दोष आढळला नाही, तक्रार बंद. कसा आढळेल? बुवा गल्लीत जाऊन आला! पुन्हा तक्रार केली तर म्हणे, ही आधीच नोंदलेली आहे. कुठली? तुम्हीच बंद केलीत ती! फोन केला तर रस्ते विभाग म्हणाला, हिरवळीतली वाट आहे, उद्यान विभागाला विचारा. उद्यानवाले म्हणाले, पाटी म्हटली की रस्ते विभाग. मध्ये वीस-वीस मिनिटं तेच पियानोचं संगीत. असे दहा आठवडे गेले. तेवढ्यात एका भल्या माणसाने पाटीवर चिकटपट्टीने उलटा बाण लावला होता. पावसात तोही गळून पडला.

जुलैत हिमालयन बाल्सम उपटायची मोहीम होती. हा आपल्या तेरड्याचाच भाऊबंद, १८३९ मध्ये बागेची शोभा म्हणून इथे आणला आणि आता नदीकाठ, ओढेकाठ खाऊन बसलाय. पुरुषभर उंच वाढतो, पण मुळं उथळ, एका हिसक्यात हातात येतो. शेंगा पिकायच्या आत उपटायचा, नाहीतर बोट लागताच बी सात मीटरपर्यंत उडतं. आई फोनवर म्हणाली, "एवढं शिकून तिकडे तेरडा उपटतोस?"

तर त्याच खांबाभोवतीचा तेरडा उपटला आणि मागून डोळ्यांसमोर आली एक छोटी पत्र्याची पट्टी: १७. खांबाचा नंबर! दिव्यांच्या तक्रारीचा फॉर्म वेगळा असतो, आणि तिथे रस्त्याचं नाव लागतच नाही, खांबाचा नंबर पुरतो. घरी येऊन हात न धुता भरला. तिसऱ्या दिवशी मेल आला: 'दिव्यात दोष आढळला नाही. खांबावरची पाटी सरळ केली. तक्रार बंद.'

मी लगेच सायकल काढून बघून आलो. चक्क सरळ.

आता माझ्या चार मैलांतल्या प्रत्येक खांबाचा नंबर डायरीत आहे. तुम्ही नाव देणार असाल तर पहिल्याच फेरीत हे करा, आणि पाटीच्या फोटोत खांबाचा नंबरही येऊ द्या. मार्च ते ऑगस्ट कुंपणाच्या झाडीला कात्री लावू नका, पक्ष्यांची घरटी असतात आणि वापरातलं घरटं मोडणं हा गुन्हा आहे. वाटेवर लोंबणारी एखादी काटेरी फांदी आधी नीट न्याहाळून कापली तर चालते. आणि हो, अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून अजिबात जाऊ नका. तेरड्याच्या शेजारी नेटल नावाची खाजरी वनस्पती उगवलेली असते, ती लागली की रात्री पोळ्या लाटतानाही हात चुरचुरतो.