फॉर्म तर छापील आहेत, मग इतक्या खेपा कशाला?

लग्नकार्यात, सोसायटीच्या मीटिंगला, कुठेही विषय निघाला की हमखास हा प्रश्न येतो: "वनहक्क कायदा होऊन इतकी वर्षं झाली. मग तुम्ही सारख्या पुणे जिल्ह्यातल्या आंबेगावच्या डोंगरात जाऊन करता तरी काय?" तिथल्या आदिवासींना वनजमिनीच्या हक्काचे दावे भरायला मी मदत करते. परवा तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

कायदा 2006 चा. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून आदिवासी कुटुंब कसत असलेल्या वनजमिनीचा हक्क, 4 हेक्टरपर्यंत, त्याच्या नावावर होतो. तोही नवरा-बायको दोघांच्या. दाव्याचा फॉर्म छापील आहे, घोडं अडतं पुराव्यापाशी. इथल्या महादेव कोळी आदिवासींची उतारावरची वरकस, म्हणजे हलकी जमीन दरवर्षी पेरत नाहीत. काही वर्षं नाचणी-वरई घ्यायची, मग पड टाकायची. उपग्रहाच्या फोटोत तिथे नुसती झुडपं दिसतात आणि साहेब विचारतात, शेती कुठाय? खरं तर नियमानुसार फोटो हा पूरक पुरावा. बाकीच्या पुराव्यांची जागा तो घेऊ शकत नाही. बाकीचे म्हणजे जुनी कागदपत्रं, बांध, विहीर, स्मशान, देवाचं ठिकाण, आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाब.

हा जबाब पुण्याहून एसटीने आलेल्या बाईला पहिल्याच भेटीत कोण देईल? ज्यांच्या कुऱ्हाडी वनखात्याने जप्त केल्या, त्यांना "इथं आम्ही पिकवत होतो" हे सांगणं म्हणजे गुन्हा कबूल करण्यासारखंच वाटतं. एका आजींकडे मी कितीतरी वेळा जाऊन नुसता चहा पिऊन आले. एकदा वळीव आला, अंगणात बाळहिरडा, म्हणजे हिरड्याची कोवळी फळं, वाळत घातलेला. दोघींनी मिळून तो घाईघाईने गोळा करून आत घेतला. त्यानंतर त्यांनी पेटीतून एक कागद काढला. ऐंशीच्या दशकातली, अतिक्रमणाच्या दंडाची पावती. इतकी वर्षं लपवलेली! अहो, जमीन तेव्हापासून कसताय याचा याहून चांगला पुरावा कुठला?

दाव्यावर ठराव करणाऱ्या ग्रामसभेचंही तसंच. निम्मे सभासद हवेत आणि हजर असणाऱ्यांत किमान एक तृतीयांश बाया. सकाळी अकराला सभा ठेवली तर बाया येणार कुठून? त्यांना विचारून वेळ ठरवायची, तर आधी त्यांची ओळख हवी. बांधावरून दोन भाऊबंदांचं वाजलेलं असेल तर ते आधी मिटवावं लागतं, नाहीतर जमिनीच्या चतुःसीमा, म्हणजे चारी बाजूंच्या हद्दी, कोण सांगणार? आणि वनरक्षकाशीही बोलणं ठेवावं लागतं. माझ्या काही कार्यकर्त्या मित्रांना हे अजिबात पटत नाही, पण पाहणीच्या दिवशी चढ चढून शेवटच्या तुकड्यापर्यंत येणार की खालूनच शेरा मारणार, हे त्याच्याच हातात असतं.

दावा फेटाळला तर लेखी कारण मागायचं आणि 60 दिवसांत वरच्या सरकारी समितीकडे दाद मागायची. जबाब लिहून घ्यायचं काम आता गावातल्याच मुली करतात, माझ्यापेक्षा नीट.

यायचंय म्हणालात, जरूर या. फक्त भातलावणीत नको. तेव्हा कोणी बोलायला मोकळं नसतं, आणि तुम्हालाही बांधावर नुसतं उभं राहू देणार नाहीत.