64 लिम्फोसाइट

आमच्या लॅबच्या सोमवारच्या रजिस्टरात माझ्याच अक्षरात नोंद आहे: पेशी 64, लिम्फोसाइट 100 टक्के. खाली माझी सही.

पेशंट लिम्फोमाचा, म्हणजे लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींच्या कॅन्सरचा, केमो चालू, स्टेरॉइडवर. दोन आठवडे डोकं ठणकत होतं, आडवं झालं की जास्तच. एकाचे दोन दिसायला लागले होते. ताप नाही, मान आखडलेली नाही. हे सगळं मला नंतर कळलं. फॉर्मवर एवढंच होतं, ‘लिम्फोमा. मेंदूच्या आवरणात पसरलाय का?’ आमच्याकडचे बरेच फॉर्म असेच येतात, प्रश्नाच्या पोटातच उत्तर घेऊन. सोबत अर्धा मिली सीएसएफ, म्हणजे मेंदू-मणक्याभोवतीचं पाणी, आणि त्यात सगळं करा!

कल्चरला थोडं, साखर-प्रोटीनला थोडं, बाकी सायटॉलॉजीला, कॅन्सरच्या पेशी शोधायला. काउंटसाठी दोन थेंब उरले. खरं तर गाळाची स्लाइड रंगवूनच पेशींचे प्रकार लिहायचे असतात. लिम्फोसाइटचं केंद्रक गच्च जांभळं दिसतं, मग चूक व्हायचं कारण नाही. मी पेशी मोजायच्या काचेच्या चेंबरमध्येच, बिनरंगाच्या मोजल्या. गोल, लहान, एकसारख्या. लिम्फोमाच्या पेशंटमध्ये दुसरं काय असणार?

साखर कमी, प्रोटीन वाढलेलं. लिम्फोमात हेही बसतं. सायटॉलॉजीने ‘नमुना अपुरा’ म्हणून हात वर केले. मंगळवारी मणक्यातून मेथोट्रेक्सेट हे कॅन्सरचं औषध दिलं, स्टेरॉइड वाढवलं. दीड दिवस डोकं उतरलं आणि सगळ्यांनाच हायसं वाटलं.

गुरुवारी पहाटे पुन्हा ठणका, आणि डाव्या डोळ्याला अंधारी. दुसरा नमुना घेऊन रेसिडेंट डॉक्टर स्वतःच पळत आला.

“ताई, सुई टोचताच धार लागली. प्रेशर 34.”

20 सेंटिमीटरच्या आत असलं तर आपण निश्चिंत असतो. सोमवारी का नाही मोजलं, विचारलं, तर म्हणे मॅनोमीटर सापडला नव्हता. मीही स्लाइड रंगवली नव्हती, म्हणून पुढे बोलले नाही.

एवढं प्रेशर म्हटल्यावर बुरशीची शंका आली, त्या धारेमुळेच शाईची बाटली काढली. निग्रोसिनचं, म्हणजे या काळ्या शाईचं, तंत्र हाताला बसावं लागतं. शाई जास्त झाली की सगळा काळोख, कमी झाली की राखाडी चिखल. कव्हरस्लिप एका कडेने टेकवून अलगद सोडायची, नाहीतर बुडबुडे होतात आणि नवखा माणूस बुडबुड्यांनाच जंतू समजतो. लिम्फोसाइटभोवतीही शाई जराशी मागे सरते, पण त्या वलयाची कड पुसट असते. खऱ्या कॅप्सूलची, म्हणजे बुरशीच्या पेशीभोवतीच्या जाड आवरणाची, कड कोरून काढल्यासारखी. आत पेशीची भिंत चमकते. पण मला हवी होती ती कळी, आईच्या कुशीला चिकटलेलं लेकरू. लिम्फोसाइटला कळी फुटत नाही.

पहिल्याच फील्डमध्ये पाच वलयं होती. एकीला कळी.

क्रिप्टोकॉकस. मातीत, कबुतरांच्या विष्ठेत असणारं यीस्ट, एक बुरशी. श्वासातून आत शिरतं आणि धडधाकट माणसाला सहसा काही करत नाही. इथे लिम्फोमा आणि स्टेरॉइड यांनी संसर्गाशी लढणाऱ्या टी-पेशी आधीच लुळ्या केलेल्या. त्याचा अंश (अँटिजेन) ओळखणारी चाचणीची पट्टी थेंबभर सीएसएफवर 10 मिनिटांत उत्तर देते. आमच्या कपाटात ती पडून होती. पेशंट एचआयव्ही निगेटिव्ह, म्हणून कोणी मागितली नाही, मीही सुचवली नाही. हा एचआयव्हीवाल्यांचा आजार, हे डोक्यात इतकं पक्कं बसलंय की कॅन्सरच्या वॉर्डात त्याचं नावही निघत नाही.

फोनवर कळवलं आणि तडक ऑटोक्लेव्हच्या खोलीत गेले, जिथे टाकलेल्या प्लेट वाफेने निर्जंतुक करतात. सोमवारच्या नमुन्याची प्लेट 48 तासांनंतर ‘वाढ नाही’ लिहून बुधवारी संध्याकाळी टाकली होती, पण पिशवी अजून चढवायची होती. हातमोजे घालून एकेक प्लेट उजेडात धरली. नवव्या की दहाव्या प्लेटवर तीन ठिपके सापडले, टाचणीच्या डोक्याहून बारीक, मळकट पांढरे. युरियाच्या ट्यूबमध्ये लावले; क्रिप्टोकॉकस युरिया फोडतं आणि ट्यूबचा रंग बदलतो. रात्रीपर्यंत ट्यूब गुलाबी झाली होती.

म्हणजे सोमवारीही तेच होतं. 64 पैकी खऱ्या लिम्फोसाइट किती, हे आता कोण सांगणार? चेंबर मी तेव्हाच धुऊन ठेवलं होतं.

ॲम्फोटेरिसिन आणि फ्लुसायटोसिन, बुरशीवरची औषधं, सुरू झाली. मेथोट्रेक्सेट थांबवलं. प्रेशर उतरवायला रोज सुई घालून पाणी काढायचे. सुधारित रिपोर्ट मी पाठवला, जुन्यावर रेघ मारून. त्यावरून एकानेही मला जाब विचारला नाही, आणि त्याचंच जास्त लागलं.

तिसऱ्या आठवड्यात पेशंट तपासणीचं रक्त द्यायला आमच्या खिडकीशी आला. डोकं थांबलं होतं. डाव्या डोळ्याला उजेड-अंधार तेवढा कळत होता. दंडाला पट्टा बांधताना म्हणाला, “ताई, ते पहिलं इंजेक्शन भारी होतं. दीड दिवस डोकं दुखलंच नाही. ते परत का देत नाहीत?”

औषधाच्या आधी सुईतून पाणी काढलं होतं, बहुतेक त्यानेच आणि स्टेरॉइडने बरं वाटलं असणार. “डॉक्टरांना विचारा,” म्हटलं, पट्टा सोडला आणि कापूस दाबून धरायला सांगितलं.