पॅलेटच्या लाकडाचा बाक: आधी फळ्या मोजा, मग आराखडा काढा

पॅलेटचं, म्हणजे माल ठेवायच्या लाकडी फळ्यांच्या पाटाचं, फर्निचर करायचं म्हटलं की बहुतेकजण आधी मोबाईलवर फोटो बघतात, एखादा आवडतो, आणि त्या मापाच्या फळ्या शोधायला निघतात. बजेट तिथेच फसतं. पॅलेटमधून फळी जेवढी निघते तेवढीच. तिला जोड देऊन लांब करायची तर गोंद, स्क्रू, वेळ सगळंच वाढतं आणि पुढे हलायला लागतो तोही नेमका हा जोडच. म्हणून क्रम उलटा ठेवायचा. हाती काय आलंय ते मोजायचं, आणि त्यातून काय होईल ते ठरवायचं.

नाशिकमध्ये पॅलेटला तोटा नाही. सातपूर, अंबड, सिन्नर या एमआयडीसींत रोज माल उतरतो. पण कंपनीच्या गेटवर जाऊन 'जुन्या पॅलेट द्या' म्हटल्याने सहसा मिळत नाहीत. स्क्रॅप उचलायचा ठेका आधीच कोणाला तरी दिलेला असतो आणि गेटपासशिवाय लाकडाचा तुकडाही बाहेर पडत नाही. त्यापेक्षा ठेकेदार माल कुठे टाकतो ते विचारा. अंबड-सातपूर लिंक रोडचा भंगार बाजार महापालिकेने २०१७ साली मोठी मोहीम काढून पाडला. तेव्हापासून कोणी जुना पत्ता सांगितला तर आधी फोन करूनच निघावं. भंगारवाल्याकडे भाव नगावर आहे की वजनावर, हे पहिलं विचारायचं. वजनावर असेल तर पावसात भिजलेली पॅलेट घेणं म्हणजे पाण्याचे पैसे देणं.

दोन ठिकाणं लोकांच्या लक्षात येत नाहीत. एक, टाइल्स आणि काचेची दुकानं. तिथल्या फळ्या पातळ असतात, पण शेल्फच्या पाठीला चालतात. दुसरं, छतावर सोलर बसवणारे. पॅनेलच दोन-सव्वादोन मीटर लांब, त्यामुळे त्याखालच्या पॅलेटला तेवढंच लांब सलग लाकूड लागतं. दिवाण किंवा लांब शेल्फ करायचं असेल तर आधी तिथे विचारा. निळा रंग मारलेली पॅलेट दिसली तर मात्र सोडून द्या. त्या बहुतेक भाड्याने फिरणाऱ्या असतात, मालकी वेगळ्याच कंपनीची असते आणि भंगारात विकायचा हक्क विकणाऱ्याला नसतो.

घेण्याआधी शिक्का बघा. परदेशी जाणाऱ्या-येणाऱ्या लाकडी पॅकिंगवर गव्हाच्या लोंबीचं चिन्ह, देशाचं अक्षरी चिन्ह, एक नंबर आणि शेवटी प्रक्रियेची अक्षरं भाजलेली किंवा छापलेली असतात. एचटी म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटं तापवलेलं. हे घरात चालतं. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं. ते घेऊ नये, फुकट असलं तरी. डीबी दिसलं म्हणून घाबरायचं कारण नाही, त्याचा अर्थ फक्त साल काढलेली आहे एवढाच. देशातल्या देशात फिरणाऱ्या पॅलेटवर शिक्काच नसतो. तिथे नाक आणि डोळे वापरायचे: तेलाचे डाग, औषधाचा वास, हिरवट-पांढरे ओघळ दिसले की बाजूला. दिंडोरी, पिंपळगाव, निफाडकडची पॅलेट असेल तर तिच्यावर द्राक्षाच्या पेट्या होत्या की फवारणीच्या औषधांचे कॅन, हे विचारल्याशिवाय घेऊ नका. आणि एचटी शिक्का आहे म्हणजे नंतर त्यावर काही सांडलं नाही, असं होत नाही.

लाकूड ओळखणं अवघड नाही. फिकट पिवळं, गाठी असलेलं, कापल्यावर राळेचा वास येणारं ते पाइन. हलकं आहे, रंधा चांगला चालतो, नवख्याने यावरच हात बसवावा. लालसर-तपकिरी आणि उचलताच जड लागणारं बाभळीचं. मजबूत, पण आधी भोक न पाडता स्क्रू मारला तर फळी तरी फाटते नाहीतर स्क्रूचं डोकं तरी तुटतं. निलगिरी वाळताना पीळ मारते. आंब्याच्या लाकडाला कीड लवकर लागते. फळी फरशीवर आपटून बघा. बारीक भोकांतून पिठासारखा भुसा पडला तर आत कीड जिवंत आहे असं समजा आणि घरी आणूच नका.

आता सगळ्यात जास्त लाकूड वाया जातं ती पायरी: पॅलेट उघडणं. पॅलेटचे खिळे साधे नसतात, त्यांच्या अंगावर कडी असतात किंवा पीळ असतो. ट्रकमध्ये हादरे बसूनही सुटू नयेत म्हणूनच ते तसे केलेले. पहार घालून फळी उचकटली की खिळा जागचा हलत नाही, फळीच टोकाशी चिरते. टोकाला दोन खिळे एका रेषेत असतात आणि चीर बरोबर तिथूनच जाते. म्हणून खिळा उपटायचा नाही, कापायचा. फळी आणि खालचा जाड रनर (फळ्या ज्यावर ठोकलेल्या असतात तो आडवा दांडा) यांच्यामध्ये लाकडी पाचर ठोकून तीन-चार मिलिमीटर फट करा आणि त्यात हॅक्सॉचं पातं घालून खिळा कापा. पात्याच्या एका टोकाला जाड कापड गुंडाळलं की मूठ झाली. मशीन भाड्याने मिळत असेल तर धातू कापणारं बायमेटल पातं लावलेली रेसिप्रोकेटिंग सॉ (पातं पुढे-मागे चालणारी विजेची करवत) घ्या, काम फार लवकर उरकतं. अँगल ग्राइंडरला लाकूड कापायची दातेरी चकती लावून हे करू नका. चकती खिळ्यात अडकली की मशीन हातातून उसळतं.

कापल्यावर फळीत खिळ्याचं डोकं आणि अर्धा दांडा उरतो. फळी उलटी करून दोन ठोकळ्यांवर ठेवा, दांड्यावर सुंबा (खिळा दाबायची लोखंडी कांडी) टेकवून हातोडीचा एक ठोका द्या, डोकं खालच्या बाजूने बाहेर येतं. ते जंबुराने ओढून काढा. रनरमधले तुटके खिळे निघत नाहीत. ते सुंब्याने आत दाबा आणि पेन्सिलने गोल करून ठेवा, म्हणजे पुढे करवत किंवा ड्रिल तिथे जाणार नाही. शेवटी जुन्या स्पीकरचं लोहचुंबक सगळ्या फळ्यांवरून फिरवा. सॉ मिलवाले किंवा सुतार पॅलेटच्या फळ्या रंधा मशीनवर घ्यायला का-कू करतात ते उगाच नाही. एक राहिलेला खिळा पात्यांचा अख्खा संच खराब करतो. खिळ्याभोवती निळे-काळे डाग दिसतील. लाकडातलं टॅनिन आणि खिळ्याचं लोखंड यांच्यामुळे ते पडतात, बाभळीत जास्त. ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्याने उजळतात, पण हातमोजे हवेत आणि नंतर साध्या पाण्याने नीट धुवायला हवं. डाग ठेवलेलेच बरे दिसतात असं आमचं मत.

यानंतरचं काम आहे थांबण्याचं, आणि तेच कोणाला जमत नाही. ओल्या फळ्यांचा बाक केला तर मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत फळ्या रुंदीला आकसतात, सांधे उघडतात, स्क्रू सैल पडतात. सावलीत, विटांवर, दर दोन थरांमध्ये बारीक आडव्या पट्ट्या घालून थप्पी लावा. वर वजन ठेवा. ओलावा मोजायचं मीटर विकत घ्यायची गरज नाही. एका फळीवर खूण करून ती दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा. वजन उतरायचं थांबलं की फळी हवेइतकी कोरडी झाली. मीटरभर लांब, ९५ मिमी रुंद, २० मिमी जाड पाइनची कोरडी फळी साधारण किलोच्या आसपास भरते. पावसाळ्यात हे वजन थांबतं खरं, पण वरच्या पातळीवर. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये पॅलेट जमवायची, उघडायची, आणि बांधायचं दिवाळीनंतर.

आता बाक. समजा १२०० × १००० मिमीची पॅलेट आहे: वरच्या फळ्या १००० मिमी लांब, साधारण ९५ रुंद, २० जाड, रनर १२०० लांब, ५० × ७५ चे. नऊ अखंड फळ्या, एक मोडकी आणि दोन रनर लागतात. हिशेबाने एकाच पॅलेटमध्ये बसतं, तरी दोन घ्या, कारण काही फळ्या चिरणारच.

बसायच्या चार फळ्या ९०० मिमीच्या कापा. दोन्हीकडून ५०-५० मिमी गेलं की टोकाची खिळ्यांची भोकंही गेली. चौकटीच्या लांब पट्ट्या दोन, ८४० च्या. आखूड पट्ट्या २९५ च्या, एकूण सहा: दोन चौकटीला, दोन मधल्या आधाराला, दोन खालच्या आडव्यांना, एका फळीत तीन निघतात. खालचा लांब आडवा एक, ८०० चा. मोडक्या फळीतून १९५ च्या दोन. पाय चार, ४३० चे, एका रनरमधून दोन. फळीची जाडी धरून बैठक ४५० मिमीवर येते, जी नेहमीच्या खुर्चीची उंची.

आखूड पट्ट्या लांब पट्ट्यांच्या आत धरायच्या, म्हणजे चौकट बाहेरून ८४० × ३३५ होते. पाय आतल्या चारही कोपऱ्यांत, ७५ ची बाजू बाकाच्या लांबीकडे. प्रत्येक पायाला लांब पट्टीतून दोन आणि आखूड पट्टीतून दोन स्क्रू, पण खालीवर सरकवून, एका पातळीत मारले तर आत एकमेकांवर आपटतात. गोंद लावल्यावर, स्क्रू पूर्ण आवळण्याआधी चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही साधारण ९०४ मिमी आले की कोन काटकोन झाले. फरक आला तर जास्त भरणाऱ्या कर्णाच्या टोकांना दाबून सरळ करा. हे सगळं सपाट फरशीवर, चौकट उलटी ठेवून करा. अंगणात केलेला बाक नंतर घरात डुगडुगतो.

१९५ च्या पट्ट्या आखूड बाजूंच्या आत, दोन पायांच्या मध्ये चिकटवून स्क्रू करा. वरवर बिनकामाच्या वाटतात, पण मधल्या दोन फळ्या नेमक्या त्यांच्यावर बसतात. नुसत्या २० मिमीच्या कडेत स्क्रू मारला की कड फुटते, पट्टी जोडल्यावर तीच कड ४० ची होते. मधला आधारही तसाच, २९५ च्या दोन पट्ट्या चिकटवून. खालचे आडवे जमिनीपासून १०० मिमीवर, पायांना बाहेरच्या बाजूने. ८०० चा आडवा त्यांच्या मधोमध येतो; त्याच्या टोकाला मारलेला स्क्रू लाकडाच्या रेषांच्या दिशेने आत जातो आणि तिथे पकड नसते, म्हणून आतून एल-अँगल लावा. हा आडवा गाळला तर बाक सहा महिन्यांत लांबीच्या दिशेने झुलायला लागेल.

बैठकीच्या फळ्यांत ५ मिमी फट ठेवा. नाशिकच्या पावसाळ्यात त्या फुगतात, फट नसेल तर मधून उचलतात.

खर्चाचं सांगायचं तर हजार रुपयांचं बजेट असेल तर निम्मे स्क्रू, गोंद आणि पॉलिश पेपरला ठेवा. स्क्रू आठ नंबरचे ५० मिमी, चिपबोर्डचे. साधारण ५२ लागतात आणि १९५ च्या पट्ट्यांचे वेगळे, म्हणजे शंभराचं पाकीट पुरून उरतं. पट्ट्या पट्ट्यांना जोडताना ५० चा स्क्रू आरपार जातो, तिथे ३५ मिमीचे घ्या. काळे ड्रायवॉल स्क्रू स्वस्त पडतात पण ते फॉल्स सीलिंगसाठी. ठिसूळ असतात, माणूस बसला-उठला की मान तुटते. प्रत्येक स्क्रूआधी ३ मिमीचं भोक, टोकापासून किमान २५ मिमी आत. गोंद घरात फेविकॉल एसएच, गॅलरीत फेविकॉल मरीन. दाबून रात्रभर सोडा.

घासायचं ८०, मग १२०, मग १८० नंबरने. मास्क लावूनच, कारण पॅलेटच्या धुळीत बुरशीही असते. कडा आणि कोपरे आधी घासा, कुसळं तिथेच शिरतात. त्यानंतर कीडनाशक द्रावण: लिटरभर गरम पाण्यात ६० ग्रॅम बोरॅक्स आणि ४० ग्रॅम बोरिक पावडर विरघळवून ब्रशने दोन हात, कापलेल्या टोकांना तीन. लहान मुलं, मांजर-कुत्री लांब ठेवा. हे पाण्याने धुऊन जातं, म्हणून पूर्ण वाळल्यावर वर फिनिश हवंच. स्वस्तातलं फिनिश म्हणजे बॉइल्ड जवस तेल, पातळ दोन हात, प्रत्येक हातानंतर अर्ध्या तासाने उरलेलं पुसून. त्या तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप तापून पेट घेतात. दोरीवर पसरून कडक वाळवा, मगच टाका. उघड्या गॅलरीत मात्र तेल पुरत नाही. तिथे बाहेरच्या वापराचं पीयू (पॉलियुरेथेन) वार्निश किंवा चांगला ऑइल पेंट, आणि पायांच्या तळाला रबरी बूट. ओल्या फरशीतलं पाणी पायाच्या खालच्या टोकातूनच वर चढतं.

उरलेले तुकडे आंघोळीच्या बंबात घालायचा मोह होतो. शिक्का नसलेले, रंगवलेले, डाग पडलेले आणि बोरॅक्स लावलेले तुकडे जाळू नका. शिवाय खिळे राहिलेले असले तर राखेतून हाताने वेचावे लागतात.